मेघाला सापडलेला मातीचा बैल

मित्रांनो, मी मातीचा एक बैल आहे. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच. संग्रहालयातले लोक म्हणतात, माझं वय दोन हजार वर्षांच्या आसपास असावं. एवढा जुना असूनही मी कधी नांगर ओढला नाही. मी खेळणं होतो.

गोदावरीच्या काठची चिकट माती मळून एका बाईनं मला घडवलं. वशिंड तिनं चिमटीनं वर ओढलं, डोळ्यांच्या जागी काडी टोचली, पायांना आरपार भोकं पाडली आणि मला भाजून त्यांत चाकं बसवली. तिची मुलं मला दोरी बांधून अंगणभर ओढत. मग चाकं फुटली, मुलं मोठी झाली आणि एका पुरात मी गाळाखाली गेलो. खाली अंधार होता, पण त्रास नव्हता. वर कुणीतरी शेत नांगरतंय, एवढं अधूनमधून जाणवायचं.

मला उजेड दाखवला तो मेघानं. गंगापूरजवळच्या एका गावात तिचे आजोबा कडुबा नवं घर बांधत होते. पायासाठी खणलेल्या मातीच्या ढिगावर ही आठ वर्षांची मुलगी खेळत होती. तिनं मला उचललं, बादलीत बुडवून धुतलं आणि पायांतली भोकं पाहून ताबडतोब ओळखलं, की इथं चाकं असणार. बाटल्यांची झाकणं आणि खराट्याच्या काड्या जमवून तिनं मला नवी चाकं लावली. इतक्या वर्षांनी मी पुन्हा पळालो! शेजारच्या घराच्या ओट्यावर खडखड आवाज करत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचो आणि मेघा माझ्यामागं.

पण एकदा मी ओट्यावरून खाली पडलो आणि माझा पुढचा पाय तुटला. मेघा तो पाय मुठीत धरून खूप रडली. दुसऱ्या दिवशी ती मला शाळेत घेऊन गेली, कारण डिंक बाईंकडं होता. बाई मला उलटसुलट करून पाहत राहिल्या. डिंक काही त्यांनी लावला नाही. कडुबांना बोलावून त्यांनी सांगितलं, की हा फार जुना दिसतोय, संभाजीनगरच्या संग्रहालयात दाखवून या.

मेघाला ते मुळीच पटलं नाही. तेव्हा कडुबांनी तिची समजूत काढली. आपण आधी ती जागा बघून येऊ, मग तू ठरव, असं ते म्हणाले. मला जुन्या टॉवेलात गुंडाळून दोघं जीपनं निघाले.

संग्रहालयातल्या अधिकारी सायली मॅडमनी मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला मागितलं, तेव्हा कडुबा शांतपणे म्हणाले, "मला नगा इचारू. सापडलाय तिला. तीच सांगल."

मग मेघानं सगळं संग्रहालय तपासलं. हो, तपासलंच म्हणायचं. शंखाच्या बांगड्या कशावर ठेवल्यात, मण्यांवर धूळ बसते का, रात्री दिवे कोण घालवतं, सगळं तिनं विचारून घेतलं. खेळण्यांच्या कपाटापाशी मात्र ती अडली. कपाट उंच होतं. कडुबांनी उचलून घेतलं तेव्हा कुठं तिला आतला मातीचा मेंढा दिसला. खाली उतरून ती मॅडमपुढं उभी राहिली.

"इथं याच्याशी खेळतं कोन?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. इथं कुणी खेळत नाही, पण इथं कुणाच्या हातून तो पडणारही नाही, असं त्यांनी सांगितलं. मेघा बराच वेळ माझ्या तुटक्या पायाकडं बघत राहिली. माझीही ओढाताण चालली होती. मला त्या ओट्यावर पळायचं होतं, आणि आणखी एकदा पडलो तर माझा चुरा होईल, हेही कळत होतं.

"ठिवा मंग," ती शेवटी म्हणाली. "पर वर नाय. खाली ठिवा. लेकरांना दिसल असा."

मॅडमनी झाकणांची चाकं हलकेच काढून तिच्या हातात दिली. ती फ्रॉकच्या खिशात घालून मेघा मागं न बघता निघाली. दारापाशी मात्र वळली.

मॅडमनी शब्द पाळला. माझा पाय जोडला आणि माझ्यासाठी बुटकं कपाट करून घेतलं. आता शाळांच्या सहली आल्या, की काचेवर नाकांचे ठसे उमटतात. पहारेकरी बद्रीनाथ ते कुरकुरत पुसतात. पण कुणी फारच लहान मूल आलं, तर तेच उकिडवे बसून त्याला मी कुठं आहे ते दाखवतात. मेघा सुट्टीत येते आणि माझ्यासमोर मांडी घालून बसते. घराचा स्लॅब टाकून झाला, रंग निळा द्यायचा ठरला, अशा सगळ्या बातम्या मला तिच्याकडूनच कळतात.

मित्रांनो, विहीर खणताना किंवा पाया काढताना असं काही हाती लागलं, तर फावडं बाजूला ठेवा. ते लपवू नका, मोठ्यांना दाखवा, आणि मग आम्हाला भेटायलाही या. इथं आलात, की हात मागं बांधून घाबरत चालू नका. काचेला टेकू नका, पण हसा खुशाल. मी देव्हाऱ्यातला देव नाही, खेळणं आहे.