थडग्याखालचा बोअर

शाळेमागे सरकारने तीन नळ्या जमिनीत उतरवल्या आहेत: उथळ, मधली आणि खोल. दर महिन्याला मी फीत सोडून पाणी किती खाली गेलं ते बघते आणि मग खारेपणा मोजते. उथळ नळी खारट, मधली त्याहून खारट. कोळंबीची खाऱ्या पाण्याची तळी अंगणापर्यंत आणल्यावर दुसरं काय होणार? अख्खी वस्ती पिते ते खोल थरातलं पाणी, आणि गेल्या उन्हाळ्यापासून तेही खारावू लागलं होतं.

वरचं मीठ खाली उतरतं ते गंजलेल्या जुन्या बोअरमधून. वस्तीतले सगळे आम्ही सिमेंट भरून बुजवले. राहिला फक्त न्योन काकांचा. तो त्यांच्या वडिलांनी मारलेला, वस्तीतला पहिला. म्हातारा गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला तिथेच, बोअरच्या तोंडावर पुरलं आणि वर निळ्या टाइल्सचं थडगं बांधलं.

"बापाला उठवू म्हणतेस?" काका माझ्यावर कडाडले. "जिवंतपणी कधी त्याला झोपेतून उठवलं नाही मी!"

"मग त्यांनाच विचारा की, काका. वस्तीला पाणी त्यांनीच पाजलं ना?"

"तुझी जीभ लई चालते, दिएप."

"तिची जीभ राहू द्या," काकू चुलीजवळून म्हणाल्या. "नातवंडांच्या चहात मीठ लागतंय, आणि हे बसलेत मान राखत!"

म्हाताऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशी काकांनी उदबत्ती लावली आणि बशीत दोन नाणी टाकली. एक उलटं, एक सुलटं पडलं तर बापाचा होकार. दोन्ही उलटी पडली. पुन्हा टाकली, पुन्हा उलटी. होकार येईपर्यंत काका टाकतच राहिले. काकू मान वळवून बसल्या होत्या. मला पळून जावंसं वाटत होतं.

"आता थांबेल ना गं मीठ?" काकांनी विचारलं.

"थांबेल," मी म्हटलं.

थडगं फोडलं, अस्थी मातीच्या रांजणात घालून कालव्याकडे नेऊन पुरल्या. बोअर तळापासून बुजवला, वरचा खड्डाही सिमेंटने भरून टाकला. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या महिन्यात खोल नळी आणखी खारट निघाली. त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून. माझी मोजमापं जातात त्या ऑफिसातले साहेब म्हणाले, मीठ कालव्यापलीकडून येतंय, तिकडे असले शेकडो बोअर उघडे पडलेत, एकाने काय होणार? हे त्यांनी आधी का नाही सांगितलं, कोण जाणे. आणि मी तरी कुठे विचारलं होतं?

आज काका नळीपाशी येऊन उभे राहिले. मी बाटली पुढे केली. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि थुंकले.

"मग बापाला परत आणू का जागेवर?"

"तिथे सिमेंट आहे, काका."

"हो," ते म्हणाले. "विसरलोच."