घरी बघायला आणलेला गालिचा

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने केसाने माझा गळा कापला, आणि मान तिच्यापुढे धरून देणारा माणूस माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत बसला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ताणून ताणून गोष्ट सांगायचा माझा स्वभाव नाही. रागीट आहे मी. सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

मला जुन्या इराणी गालिच्यांचं वेड. बायकांना दागिन्यांपुढे उभं केलं की त्या हरखतात, मला गालिच्यांच्या ढिगापुढे उभं करा. चौकापलीकडे शेठचं दुकान आहे, तिथे नवा गठ्ठा सुटला की मी हजर. लोक गालिचा वरून बघतात. अहो, वरून तर मशीनवरचाही देखणाच दिसतो! मी आधी कोपरा उलटते. पाठीवर एकेक गाठ दिसली पाहिजे, आणि गाठी थोड्या वाकड्यातिकड्या असल्या पाहिजेत, कारण त्या माणसाने मारलेल्या असतात. झालर वेगळी शिवलेली नको, गालिच्याच्या ताण्याचेच धागे बाहेर आलेले हवेत. मग डोळे मिटून वरून हात फिरवते. जुन्या गालिच्यात काळी लोकर बाकीच्या रंगांआधी झिजते, त्यामुळे काळी नक्षी खाली बसलेली बोटांना कळते. शेवटी पांढरा रुमाल ओला करून घासायचा. रंग लागला, तर रामराम.

हे सगळं मी धाकटीला शिकवलं. हाताला धरून, दुकानात नेऊन. तिला आधी गालिचा आणि सतरंजी यांतला फरक कळत नव्हता, खोटं नाही सांगत.

इतकी वर्षं बघत आले, पण माझ्या घरात एकही गालिचा नव्हता. मनासारखा मिळत नव्हता. आणि मग तो आला. विटकरी लाल, मध्ये गडद निळं पदक, म्हणजे मोठी गोल नक्षी, आणि लाल रंगात एका बाजूला अचानक फिकट पट्टा. विणणाऱ्या बाईची लोकर मध्येच संपली असणार, नवी रंगवली ती तशीच्या तशी उतरली नाही. लोक याला खोट म्हणतात. मला तो पट्टा पाहून गहिवरून आलं. कुणीतरी बाई, कुठल्या काळातली कोण जाणे, तिलाही पुढचा घाणा मागच्यासारखा जमला नव्हता.

शेठचा एक रिवाज आहे. गालिचा विकत घ्यायच्या आधी आठवडाभर घरी न्यायचा. अंथरायचा, त्यावर बसायचं, सकाळच्या उजेडात बघायचा, दिव्याखाली बघायचा. पटला तर ठेवायचा, नाहीतर परत. सगळा कारभार विश्वासावर. तर तो गालिचा माझ्या हॉलमध्ये आला. मी चपला दाराबाहेर काढायला लावल्या, टीव्ही सरकवला, यांची खुर्ची खिडकीपाशी नेली. आमचे हे काही बोलले नाहीत. हे कधीच काही बोलत नाहीत. मला वाटायचं, केवढा समजूतदार माणूस!

आणि मी धाकटीला बघायला बोलावलं. दुसरं कुणाला बोलावणार? माझा आनंद कळणारं माणूस मीच तयार केलं होतं.

ती गुडघ्यावर बसली, कोपरा उलटला, हात फिरवला. सगळं मी शिकवलं तसंच. मग म्हणाली, "ताई, तू रुमाल कुठे घासलास?"

"दुकानात. कोपऱ्याला."

"कोपऱ्याला कोण रंग भरतं गं? मधला भाग झिजतो, तिथेच भरतात." आणि तिने पर्समधून रुमाल काढला, पाण्यात बुडवला, पदकाशेजारी घासला आणि माझ्यापुढे धरला. लालभडक. हातच्या काकणाला आरसा कशाला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्वतः पुन्हा रुमाल घासला का? नाही घासला. पाठच्या बहिणीने दाखवल्यावर पुन्हा कोण तपासतं?

त्याच पावली गालिचा गुंडाळला, रिक्षात घातला आणि शेठच्या दुकानात नेऊन टाकला. गिऱ्हाइकं बसलेली होती. सगळ्यांसमोर मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "ताई, एकदा माझ्यासमोर रुमाल घासा." मी म्हटलं, "घरी घासलाय!" आणि पायऱ्या उतरले.

त्यानंतर माझं काय झालं ते ऐका. मी दुकानात जाणंच सोडलं. राग शेठवर होताच, पण खरी धास्ती वेगळी होती. एवढा रंगवलेला गालिचा मला कळला नाही, म्हणजे माझी नजर गेली. दुसरं मला येत होतं तरी काय? साधी चादर घ्यायला गेले तरी दुकानातल्या मुलीला विचारायची, "हा निळाच ना गं?" शेवटी हे मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. बाहेर आल्यावर मी रडवेली झाले, तर हे माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वय झालं की थोडं होतंच गं. हवं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू."

या सगळ्या काळात धाकटी माझ्याकडे यायची, मला मात्र तिच्याकडे येऊ द्यायची नाही. "तुझे गुडघे दुखतात, जिने कशाला चढतेस?" मला वाटायचं, किती माया! हे मात्र दर रविवारी तिच्या नवऱ्याबरोबर पत्ते खेळायला तिकडे जायचे.

तिचा डबा माझ्याकडे पडून होता. एका सकाळी त्या बाजूला काम निघालं, म्हटलं देऊनच येऊ. गुडघ्यांना शिव्या घालत जिने चढले. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. भोळा सांब आहे बिचारा. "या या, ताई! आलात एकदाच्या! बघा, तुमच्या पसंतीचा गालिचा कसा शोभतोय!"

मी दारातच थांबले. विटकरी लाल. निळं पदक. फिकट पट्टा. ओळखायला मला खाली वाकावंसुद्धा लागलं नाही.

मी आत गेले, टेबलावरच्या पेल्यात रुमाल बुडवला आणि पदकाशेजारी घासला. मनगट दुखेपर्यंत घासला. रुमाल पांढराच्या पांढरा. धाकटी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला जमिनीवर बसलेली पाहून तिचा चेहरा पडला.

"काय लावलं होतंस त्या दिवशी?" मी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "लिपस्टिक. रुमालाच्या घडीत."

"अगं, तुला हवा होता तर मागायचा होतास! मी दिला असता!"

"दिला नसतास, ताई," ती म्हणाली. आणि खरं सांगू? नसताच दिला. पण भांडले असते, रुसले असते आणि चार दिवसांनी पुन्हा बोलले असते. हे असं नव्हतं करायचं.

"शेठनी तुला दिला कसा?"

"मी त्यांना म्हटलं, ताईसाठीच घेतेय. तिचा राग उतरलाय, पण अचानक द्यायचाय, तिला सांगू नका." मग एकदम तिचा आवाज चढला. "पण सगळं माझ्या एकटीच्या माथी मारू नकोस! खोटा आहे असं सांग, हे मला कुणी सांगितलं ते घरी जाऊन विचार. भाऊजींना विचार."

घरी आले तेव्हा हे पेपर वाचत होते. चहाचा कप शेजारी.

"गालिचा खोटा आहे असं तिला बोलायला तुम्ही सांगितलंत?"

पेपर खाली आला. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अगं, माझं तू ऐकलं असतंस का? चहा इथे नको, पाय तिथे नको, टीव्ही तिकडे. मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं होतं. तिला म्हटलं, तूच सांग काहीतरी, तुझं ऐकते ती. आता ती स्वतःच घेईल, हे मला काय माहीत?"

"आणि घेतल्यावर? दर रविवारी त्याच्यावर मांडी घालून पत्ते खेळत होतात ना?"

"म्हटलं, बाहेर कुठे जाण्यापेक्षा घरातल्या घरात तर आहे."

"आणि डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बसला होतात, तेव्हा?"

यांनी पेपरची घडी घातली.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हे डॉक्टरांच्याही आधी तुम्हाला माहीत होतं! मी रडत होते आणि तुम्ही म्हणालात, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू!"

"तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं," हे म्हणाले.

मला खूप ओरडायचं होतं. आयुष्यभर मी कपबशीवरून, टॉवेलवरून ओरडले, आणि आता ओरडायची वेळ आली तर आवाजच फुटेना. आपलेच दात, आपलेच ओठ. मी पुन्हा चपला घातल्या.

शेठच्या दुकानात हात जोडून उभी राहिले आणि झालं ते सगळं सांगितलं. त्या भल्या माणसाने एक उणा शब्द काढला नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मी न सांगताच आतून एक लहानसा गालिचा आणून माझ्यापुढे उलगडला. मी कोपरा उलटला. पाठीवरच्या गाठी वाकड्यातिकड्या. झालर ताण्याची. डोळे मिटून हात फिरवला, काळी नक्षी खाली बसलेली. रुमाल घासला, कोपऱ्याला घासला, मध्ये घासला. पांढराशुभ्र.

"शेठ," मी विचारलं, "हा खरा आहे ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, हे तुम्ही मला विचारताय?"

मी हो म्हणून मान हलवली आणि रुमाल पुन्हा ओला करायला घेतला.