दुसरा पडदा जागचा हलला नाही

मेरिन हॉकिंगच्या टेबलावर कॉम्प्युटरचे दोन पडदे होते आणि तिची सगळी शाळा त्या दोन पडद्यांवर भरायची. समोरच्या पडद्यावर तिसरी-चौथीची मुलं छोट्या छोट्या चौकटींत बसलेली असत. उजवीकडचा मोठा पडदा म्हणजे फळा. वर्ग सुरू झाला की त्या पडद्यावर जे काही असेल ते जसंच्या तसं मुलांना आपापल्या घरी दिसायचं. विल्गारातली ही शाळाच तशी. बाक नाहीत, मैदान नाही, मधल्या सुट्टीत गुडघे फोडून घेणारं कुणी नाही. मुलं उत्तरेकडे गुरांच्या फार्मवर, कुणाकुणाचा शेजारीसुद्धा दोन तासांच्या वाटेवर, आणि बाई इथं गावात, पत्र्याच्या इमारतीत, कानाला हेडफोन लावून.

कॉम्प्युटरवर तिनं तीन डेस्कटॉप करून ठेवले होते. पहिला वर्गाचा. दुसरा शाळेच्या कागदी कटकटींचा, जो ती शक्य तितका कमी उघडायची. तिसरा तिचा स्वतःचा. दोन कळा एकदम दाबल्या की दोन्ही पडदे एका दमात पालटायचे. पाहुणे आले म्हणजे आपण पसारा आतल्या खोलीत ढकलून दार लावून घेतो ना, अगदी तसं. ही सोय तिला इतकी अंगवळणी पडली होती की कळा दाबल्यावर मान वळवून खात्री करायची गरजच तिला वाटत नसे. बोटं आपलं काम करत, डोळे मुलांकडे असत.

तिसऱ्या डेस्कटॉपवर सध्या घरं होती. अॅडलेडमधली, भाड्याची, समुद्राच्या बाजूची. मेरिनचे वडील तिथंच, अॅडलेडच्या सेमाफोर भागात, एकटे राहायचे आणि गेल्या हिवाळ्यापासून त्यांची विस्मरणं विनोदाच्या पलीकडे गेली होती. गॅसवर किटली ठेवून ते फिरायला निघून गेले, तेव्हा शेजारणीनं आधी आग विझवली आणि मग मेरिनला फोन केला. बहीण पर्थला, ती फोनवरून भरपूर काळजी करायची आणि तेवढ्यावर तिचं भागायचं. तेव्हा जायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. जानेवारीत मेरिन विल्गारा सोडणार होती.

मुख्याध्यापकांना माहीत होतं. मुलांना नव्हतं. नोव्हेंबरात सगळी मुलं आईबापांबरोबर आठवडाभर गावात येत, एकमेकांशी खरीखुरी ढकलाढकल करत, तेव्हा त्यांना समोर बसवून सांगायचं असं मेरिननं ठरवलं होतं. मुलांपैकी बाकीच्यांची तिला फारशी धास्ती नव्हती. धास्ती होती एडीची.

एडी ब्लॅक ओक्स फार्मवरची, नऊ वर्षांची. तिच्या आधीच्या बाई ईस्टरच्या सुट्टीत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. सुट्टी संपल्यावर पडद्यावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. वर्षअखेरीला तेही गुल झाले. दोघांपैकी कुणालाही जाताना 'येतो बाळांनो' म्हणायला तोंड नव्हतं. त्यानंतर एडीनं वर्गात बोलणं टाकलं. घरी चांगली बडबड करायची म्हणे, पण वर्गात माइक बंद. विचारलेल्याचं उत्तर टाइप करून पाठवायची, तेही एखाद्या शब्दात.

या वर्गात हजेरी घेताना नुसतं 'हजर' म्हणून सुटका होत नसे. आपल्या फार्मचं नाव घ्यायचं आणि आपल्या दारातली हवा सांगायची. वारं कुठलं, पाऊस आला का, धूळ किती. ही शाळा रेडिओवर भरायची त्या काळापासूनची रीत. शेवटी बाईही विल्गाराची हवा सांगत आणि मग पाठ सुरू. मेरिन आली तेव्हा एडी या हजेरीलाही 'ऊन' एवढंच टाइप करायची. मेरिननं तिला एकदाही 'बोल की गं' म्हटलं नाही. 'ऊन. नोंदवलं, एडी,' म्हणायची आणि पुढचं नाव घ्यायची. असं पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी हेडफोनमध्ये एक बारीक, घोगरा आवाज आला. "ब्लॅक ओक्स. रात्री गोठलं होतं. कुत्र्याच्या पाण्यावरचा बर्फ मला दगडानं फोडावा लागला." मेरिननं नोंदवलं आणि पुढचं नाव घेतलं, पण त्या दिवशी तिनं दुपारी एकटीनंच स्वतःला केक खाऊ घातला.

म्हणून एडीला हे पडद्यावरून कळता कामा नये. समोरासमोर कळलं पाहिजे, आणि मेरिनच्या तोंडून.

आता डेझ. डेझ शाळेची यंत्रं सांभाळायचा. माणूस गुणी, पण हात स्वस्थ नसलेला. सोमवारी संध्याकाळी त्यानं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नवी प्रणाली चढवली आणि 'काही किरकोळ बदल' या नावाची ईमेल पाठवून तो घरी गेला. त्या किरकोळ बदलांतला एक असा, की डेस्कटॉप पालटला तरी आता फक्त समोरचा पडदा पालटणार होता. दुसरा जिथल्या तिथं राहणार होता. हे कुणी मागितलं होतं, देव जाणे. चांगल्या चाललेल्या गोष्टीत बोट घालणारी माणसं जगात कुठंतरी बसलेली असतात आणि पगारही घेतात.

मंगळवारी सकाळचा पहिला तास भाषेचा होता. त्याला फळा लागला नाही. मधल्या सुट्टीत मेरिननं चहा घेतला, तिसरा डेस्कटॉप काढला आणि फोटो मोठे दिसावेत म्हणून मोठ्या पडद्यावर घरं बघत बसली. एक तिला पसंत पडलं होतं. तास भरायची वेळ झाली तशी तिनं दोन कळा दाबल्या. समोर मुलांच्या चौकटी आल्या. तिनं फळा चालू केला.

"चला रे, आज परिमिती. फळ्यावर एका घराचा नकाशा आहे. दिसतोय सगळ्यांना?"

"दिसतोय मिस," जोनी म्हणाली. "पण लई बारका आहे."

"बारका कसा? चांगला मोठा काढलाय मी. फर्गस, खोल्या किती आहेत सांग."

फर्गसनं पडद्याला नाक लावलं. त्याची चौकट नुसत्या कपाळानं भरली. "तीन. अन् एक गॅरेज."

"चार आहेत. आणि गॅरेज कुठून काढलंस?"

"बाहेर निळी मोटार उभी आहे ना, मिस."

"फर्गस, मी मोटार काढलेली नाही."

"मग कुणी काढली? चाकं पण आहेत तिला."

मेरिनला वाटलं, स्वारी आज चेष्टेवर आली आहे. फर्गसला तो रोग होताच. "बरं, मोटार राहू दे. भिंतीची लांबी वाच."

"लांबी नाही लिहिलेली. 'प्रशस्त स्वयंपाकघर' लिहिलंय. खोटं आहे ते मिस, आमच्या कोंबड्यांचं खुराडं मोठं आहे त्याच्यापेक्षा."

"आणि अंगण बघ की," जोनी म्हणाली. "तुमचा बिस्किट कुठं पळणार तिथं?"

बिस्किट हा मेरिनचा कुत्रा. नकाशाशी बिस्किटचा काही संबंध नव्हता. मेरिनची मान वळायच्या आतच तो बारीक घोगरा आवाज आला. एडी वाचत होती, नीट, शब्दाशब्दावर थांबून, मेरिननंच तिला शिकवलं होतं तसं.

"'समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. पाळीव प्राण्यांना परवानगी. जानेवारीपासून रिकामं.' अन् वर लिहिलंय, 'मेरिननं जपून ठेवलेली घरं'."

मेरिननं वळून पाहिलं. मोठ्या पडद्यावर निळी मोटार उभी होती, चाकांसकट. तिनं दोन कळा दाबल्या. समोरची मुलं गेली. मोटार जागची हलली नाही. तिनं परत दाबल्या. मुलं आली, मोटार होतीच. तिसऱ्यांदा तिनं कळांवर बोटं आपटली आणि मग फळाच बंद केला, पण आता बंद करून लपवायला काही उरलं नव्हतं.

फर्गसनं पडद्याला लावलेलं नाक मागं घेतलं, यावरून काय ते समजावं.

खोटं बोलणं सोपं होतं. पाठ घराचाच होता. 'हे उदाहरण म्हणून घेतलंय रे,' म्हटलं असतं तर जोनीनं मान डोलावली असती, फर्गसनं मोटारीची परिमिती काढली असती, आणि नोव्हेंबरपर्यंत सगळं झाकून गेलं असतं. मेरिनच्या ओठांवर ते वाक्य तयार होतं. समोर एडी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन बसली होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, रडू नव्हतं. ती विचार करत होती.

"मिस, तिथं इंटरनेट आहे ना?" एडीनं विचारलं.

"कुठं गं?"

"त्या घरात. म्हणजे तुम्ही तिथून दिसाल ना आम्हाला? आता दिसता तशा?"

मेरिनला हे सुचलंच नव्हतं. तिच्या लेखी विल्गारा आणि सेमाफोर यांच्यामध्ये दिवसभराचा मोटारीचा प्रवास होता. एडीच्या लेखी काहीच नव्हतं. बाई कुठंही असोत, त्या चौकटीत असतात. मग समुद्राजवळ राहिल्या तर बिघडलं कुठं?

"नाही एडी," मेरिन म्हणाली. "हे घर माझ्यासाठीच आहे. जानेवारीत मी जाणार आहे. माझ्या बाबांना आता एकट्यानं जमत नाही, आणि त्यांना सांभाळून मला वर्ग घेता यायचा नाही. इथं दुसऱ्या बाई येतील, तुमच्या चौकटी त्यांच्या पडद्यावर असतील. मी तुम्हाला नोव्हेंबरात, तुम्ही गावात आलात की, समोर बसून सांगणार होते. असं कळायला नको होतं. चुकले मी."

"तुमचे बाबा आजारी आहेत?" जोनीनं विचारलं.

"विसरतात."

"आमचे आजोबा पण विसरायचे. एकदा बूट फ्रिजमध्ये ठेवले त्यांनी," फर्गस म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता.

एडीची चौकट काळी झाली. कॅमेरा बंद. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेवढं नाव राहिलं. उरलेल्या तासात मेरिननं तिला एक प्रश्न विचारला. माइक बंद आणि उत्तर टाइप होऊन आलं. 'अठरा.' उत्तर बरोबर होतं.

दुपारी डेझ आला, स्क्रूड्रायव्हर खिशात, जणू त्याचा काही उपयोग होता.

"मी ईमेल पाठवली होती," तो म्हणाला.

"तुझ्या ईमेल वाचतं कोण?"

"कुणीच नाही. म्हणून तर माझी नोकरी टिकलीय." मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माउस हातात घेतला. सेटिंगमध्ये जाऊन त्यानं एका चौकोनावर टिचकी मारली. "झालं. आता दोन्ही एकदम पालटतील. एवढंच होतं बघ."

"एवढंच होतं," मेरिन म्हणाली. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण सोमवारची त्याची ईमेल आपण आळसानं वाचली नाही, हे मध्ये येत होतं. घरं शाळेत बघायला त्यानं तर सांगितलं नव्हतं. रात्री तिनं बाबांना फोन केला. त्यांनी तिचं नाव बरोबर घेतलं आणि विचारलं, शाळा सुटली का.

बुधवारी हजेरी. फर्गसकडे वारं नव्हतं. जोनीकडे ढग आले होते, पण नुसते तोंड दाखवून जाणारे. मग मेरिननं एडीचं नाव घेतलं.

चौकट काळीच होती. मेरिन थांबली. खालच्या रांगेत काही टाइप होऊन येतंय का बघू लागली, कारण तसंच होणार हे तिनं रात्रीच गृहीत धरलं होतं. दीड-दोन वर्षांचं काम पाण्यात, आणि तेही स्वतःच्या हातानं.

हेडफोनमध्ये खरखर झाली.

"ब्लॅक ओक्स," एडी म्हणाली. आवाज कालच्यापेक्षा घोगरा होता. "पश्चिमेचं वारं. धूळ. इथून कुणी कुठं जात नाही."

ते मेरिनच्या वर्मी बसलं, आणि त्याच क्षणी तिचा जीव भांड्यात पडला. पोरगी बोलली होती.

"नोंदवलं, एडी," ती म्हणाली. मग पुढची नावं झाली आणि बाईंची पाळी आली. "विल्गारा. ऊन. बाई डिसेंबर संपेपर्यंत इथंच आहेत, आणि नव्या बाईंना तुमची हजेरी कशी घ्यायची ते शिकवूनच जातील."

एडीनं कॅमेरा लावला नाही. पण माइक तिनं बंद केला नव्हता. तिच्या अंगणातला कुत्रा भुंकत होता, तो सगळ्या वर्गाला ऐकू येत होता. मेरिननं मान वळवून मोठा पडदा एकदा नीट पाहून घेतला आणि नकाशा फळ्यावर लावला.