मरळ आणि अंगठा

बळवंत कर्णिकांना सून माशांना हात लावते याचं दुःख नव्हतं. ती लावते आणि मग परत पाण्यात सोडून देते, याचं होतं.

कर्णिक केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन मुलाकडे गुरुग्रामला राहायला आले, तेव्हा त्यांचं मत्स्यप्रेम आधीच अडचणीत आलं होतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये असताना शेजारी बंगाली होते आणि मासा तळला की वास घेत आपणहून दारात यायचे. इथं एकोणिसाव्या मजल्यावर त्यांच्या पत्नी हेमलताबाईंनी पहिल्यांदा बोंबील तळले, तर ते ताटात पडायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा झाली, की कोणत्या टॉवरमध्ये ड्रेनेज तुंबलंय. त्यानंतर घरात मासा खिडक्या लावून, पंखा पूर्ण वेगात सोडून आणि शक्यतो कुणाला न सांगता व्हायचा.

सून सुखदा पुण्याची. अंड्यालासुद्धा हात न लावणाऱ्या घरातली. आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि तिथल्या ताणावर कुणीतरी तिला मासेमारी सुचवली होती. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती मानेसरच्या पलीकडे एका फार्मवर जायची. तिथं मोठा तलाव होता आणि तिकीट काढून गळ टाकता यायचा. नियम एकच, पकडलेला मासा सोडून द्यायचा. तिचा नवरा अनिश रविवारी दुपारपर्यंत झोपायचा. दिल्लीत वाढलेला हा मुलगा मासा आवडीनं खात असे, पण 'कल्ले' म्हणजे काय हे त्याला वडिलांना विचारावं लागायचं. त्यामुळे कर्णिकांनी त्याच्यावरची आशा केव्हाच सोडली होती.

होळीनंतरच्या एका रविवारी सुखदानं सासऱ्यांना बरोबर चलण्याबद्दल विचारलं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोघांमधलं बोलणं अजून चहा, औषधं आणि वायफाय यांच्या पुढं गेलं नव्हतं. ते लगेच तयार झाले. मनात त्यांच्या थोडी लबाडी होती. पाठीवरच्या सॅकमध्ये त्यांनी एक जाड प्लास्टिकची पिशवी घडी करून ठेवली होती.

तलावावर पोचल्यावर सुखदानं जो थाट मांडला तो बघून कर्णिकांना आधी वाटलं, इथं कुणाचं तरी बाळंतपण आहे. तिनं एक मऊ गादीसारखी चटई पसरली, तलावाच्या पाण्यानं ओली केली. शेजारी ओला टॉवेल, लांब चोचीची पक्कड, रबरी जाळी. मग सासऱ्यांना समजावून सांगितलं की कोरड्या हातानं मासा धरायचा नाही, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर त्याला रोग होतो. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. उभा लटकवायचा नाही, एक हात पोटाखाली द्यायचा. आणि जमलं तर पाण्याबाहेर काढायचाच नाही. कर्णिकांनी सगळं ऐकून घेतलं. कल्ल्यांत बोट घालून, ते लालभडक आहेत का हे बघितल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात मासा घेतला नव्हता.

पहिला मासा तिला लागला. चांगला दोन किलोचा रोहू. तिनं तो जाळीत घेतला, पाण्यातच ठेवून पक्कडीनं गळ एका झटक्यात काढला, त्याला 'सॉरी हं' म्हणाली आणि सोडून दिला. कर्णिक पाण्यावरच्या वलयांकडे बघत उभे राहिले. एवढ्या माशात डोक्याचं कालवण वेगळं झालं असतं.

गळ इतक्या सहज निघाला, कारण तिनं त्याचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट केला होता. सासऱ्यांचाही दाबून देते म्हणाली. त्यांनी नको म्हटलं. काटा सपाट केला की मासा निसटतो, एवढं त्यांना कळत होतं, आणि निसटू द्यायला ते आले नव्हते. त्यांनी तिच्या आमिषांच्या डब्यातून एक प्लास्टिकचा चंदेरी मासा निवडला. त्याच्या पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे तीन-तीन तोंडांचे दोन गळ होते, काटे शाबूत. डब्यातलं हे एकच आमिष अजून तिनं दाबलेलं नव्हतं.

ऊन चढलं तेव्हा काठच्या गवताजवळ त्यांच्या दोरीला जो हिसका बसला, त्यानं त्यांची टोपी पडली. रीळ फिरवायचं सोडून ते काठी खांद्यावर टाकून सरळ मागं चालत सुटले आणि मासा काठावर ओढून काढला. मरळ होती. काळीशार, जाडजूड, सापासारख्या तोंडाची, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. कर्णिकांना भरून आलं. ही मरळ त्यांनी शेवटची खाल्ली होती ती आत्याच्या हातची, नोकरीला लागायच्या आधी.

सुखदा पलीकडच्या टोकाला होती. तिथून ती ओरडली, हात लावू नका, मी येते. पण त्यांनी ते ऐकायचं नाही असं ठरवलं. ती यायच्या आत मासा पिशवीत जायला हवा होता. त्यांनी कोरड्या हातानं मरळ पकडली आणि दुसऱ्या हातानं तोंडातला गळ उपटायला गेले. मरळीनं अंग मुरडलं. तोंडातला गळ तोंडातच राहिला आणि शेपटीकडचा गळ कर्णिकांच्या अंगठ्यात खोल रुतला.

आता एका टोकाला मरळ आणि दुसऱ्या टोकाला निवृत्त अवर सचिव, अशी स्थिती झाली. मासा उसळला की माणूस उसळायचा. कर्णिकांच्या तोंडून दोन शब्द असे गेले, जे त्यांनी सुनेसमोर आजवर काढले नव्हते.

सुखदा धावत आली. तिनं एकदा दोघांकडे बघितलं आणि तिचा आवाजच बदलला. ऑफिसात ज्या आवाजात ती लोकांना रविवारी कामावर बोलवत असावी, तोच हा आवाज होता.

"बाबा, खाली बसा. हात माशाबरोबर जाऊ दे, ओढू नका. आणि गप्प बसा."

ते बसले. तिनं ओला टॉवेल मरळीच्या डोक्यावर टाकला, डोळे झाकले गेल्यावर मासा जरा शांत झाला. टॉवेलावरूनच तिनं त्याला डोक्यामागं घट्ट धरून चटईवर दाबलं, गुडघा बाजूला टेकवला, पक्कडीनं गळाची दांडी पकडली आणि ज्या वाटेनं शिरला त्याच वाटेनं तो उलटा फिरवून बाहेर काढला. कर्णिक सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की सुटका माशाची झाली आहे. सुनेनं मरळ दोन्ही हातांत उचलली, पाण्यात गुडघाभर उतरली आणि तिला सरळ धरून उभी राहिली. सासरे काठावर, अंगठ्याला चंदेरी मासा लोंबकळतोय, रक्त ठिबकतंय. मरळीनं शेपटी हलवली, हातातून सुटली आणि गेली. मगच सुखदा वर आली.

अंगठ्यातला गळ ओढू नये म्हणून तिनं तो तसाच ठेवला. फक्त प्लास्टिकचा मासा कापून वेगळा केला, स्वच्छ रुमाल गुंडाळला आणि गाडी मानेसरच्या एका दवाखान्यापुढं उभी केली. तिथल्या डॉक्टरनं अंगठा बधिर केला, गळाचं टोक पुढं ढकलून बाहेर आणलं, काटा कापला आणि उरलेली दांडी मागून ओढून घेतली. धनुर्वाताचं इंजेक्शन देताना त्यानं विचारलं, "अंकल, आप मछली पकड़ रहे थे या मछली आपको?"

परतीच्या वाटेवर ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा कर्णिक म्हणाले, "मासा आधी सोडवलास."

सुखदा समोर बघत म्हणाली, "तो पाण्याबाहेर होता, बाबा. तुम्हाला श्वास घेता येत होता."

"मरळ हवेत श्वास घेते. बाजारात टोपलीत तासन् तास जिवंत असते."

सुखदानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. हे तिला माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"तू गप्प बसा म्हणालीस."

ती हसायला लागली ती इतकी, की मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तरी तिला गिअर सापडेना. कर्णिकांनी आधी तोंड वाकडं केलं, मग त्यांनाही आवरेना. पिशवीची गोष्टही त्यांनी सांगून टाकली. ती म्हणाली, मला ठाऊक होतं, सकाळी तुम्ही सॅकमधून रुमाल काढलात तेव्हाच दिसली.

घरी हेमलताबाईंनी पट्टी बघून आधी नवऱ्याला झाडलं, मग सुनेला, मग नुकत्याच उठलेल्या मुलाला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की मरळ केवढी होती. कर्णिकांनी शाबूत हातानं कोपरापासून दाखवलं. हेमलताबाई उठून आत गेल्या आणि जेवायला मुगाची खिचडी वाढली, वर तूपसुद्धा नाही.

संध्याकाळी त्यांनी अलिबागच्या बहिणीला फोन लावला. कर्णिक आणि सुखदा बाल्कनीत चहा पीत होते, आतलं सगळं ऐकू येत होतं. फोनवर मरळ लहान मुलाएवढी झाली होती. यांच्या अंगठ्यातून रक्ताची धार लागली होती. "आणि सुखदा बघ," हेमलताबाई सांगत होत्या, "एवढी मोठी मरळ हातची जाऊ दिली पोरीनं, पण आधी सासऱ्याला सोडवलं."

सुखदानं कपातली नजर वर केली नाही. कर्णिकांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.