अंगी लागो

चमच्याच्या खोलगट पोटात छताचा पंखा संथपणे फिरत होता आणि त्याच्याशेजारी, डोके खाली पाय वर अशी, पांढरा एप्रन ल्यालेली एक इवलीशी बाई लटकत होती... ही मीच काय? नोएमी तेसुकूनला हसू आले. तिने चमचा पुसून बशीच्या उजव्या अंगाला ठेवला. चांगली बाई आहे हो ही, घाबरलेली असली तरी.

सकाळीच ग्वाटेमालातल्या मेल्चोरचा पूल ओलांडून ती सरहद्दीपलीकडे, बेलीझमध्ये आली होती. नदीकाठच्या या अतिथिगृहाच्या भोजनशाळेत आजचा दिवस तिची परीक्षा होती. मालकीण मिस व्हर्लीन यांच्या मनास आले, तर पर्यटकांचा हंगाम सरेपर्यंत इथेच राहायचे, चारचौघांत जेवायचे. न आले तर पलीकडचे घर — आणि तिथले ते एकाच ताटाचे टेबल.

कामाची तिला धास्ती नव्हती. बाजारातली आईची खानावळ तिने आईच्या पश्चातही चालवली होती. पुढे मुलगी शिकायला राजधानीत गेली, खानावळ मोडली, आणि उरले ते जेवणानंतरचे मौन. तिच्या मुलखात जेवण आटोपलेला माणूस आभार मानतो — वाढणारीचे नव्हेत, साऱ्या पंक्तीचे — आणि पंक्तीने ‘अंगी लागो’ म्हटल्यावाचून उठत नाही. उत्तर येईतो घास घशातच असतो, असे आई म्हणे... आता रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानायचे, आणि उत्तराची वाट न पाहता उठायचे. आभार मानणे सुटले नव्हते. मनातले वाट पाहणेही सुटले नव्हते.

दुपारी पाहुणे नदीवर गेलेले असताना घरची मंडळी जेवायला बसली. नारळाच्या दुधात शिजलेला राजमा-भात, कोंबडीचा रस्सा, तळलेली केळी. एल्मर नावाडी एकेका पाहुण्याची नक्कल करत होता, मिस व्हर्लीन त्याला दटावता दटावता स्वतःच हसत होत्या. म्हातारा आचारी चेपे चुलीपाशी पाठमोरा, उभ्यानेच जेवत होता. इतक्या आवाजांत आपण किती दिवसांनी जेवलो! नोएमीचे ताट केव्हा रिते झाले ते तिलाही कळले नाही.

“सगळ्यांचे आभार,” ती म्हणाली. आणि थांबली.

मिस व्हर्लीननी भुवई चढवली. “कसले आभार गं? अजून ठेवलंय कुठं तुला कामावर?”

“निरोप घेतेय ती, मिस!” एल्मर म्हणाला. “रस्सा हाणला आणि निघाली मेल्चोरवाली.”

बाहेर गाडीचा कर्णा वाजला. पाहुणे परतले होते.

“ऊठ की बाई! माणसं दारात आलीत आणि ही बसलीय चर्चमध्ये बसल्यासारखी,” मिस व्हर्लीन खेकसल्या.

ऊठ, नोएमी... तळवे टेबलाच्या कडेवर होते, पाय जमिनीवर होते, परीक्षा नेमकी हीच होती — आणि उत्तर आल्यावाचून देह उठेना. आई, सोड ना गं मला! नोकरी चालली माझी! आणि त्या भयाच्या तळातून, कोण जाणे कशी, हास्याची एक उकळी वर येऊ लागली...

“अंगी लागो!”

चुलीकडून आले होते ते. चेपेचा हात कढईवरच थबकला. “अरेच्चा,” तो वळून म्हणाला, “मीच बोललो की! आमच्या ग्वाटेमालातल्या सरोवराकाठचं आहे हे. इकडं आल्यापासून कुणी आभारच मानले नाहीत, मग म्हणणार कुणाला?”

नोएमी उठली — उठली कसली, उचलली गेली. मग ती दुपार जणू तिच्या हातांनी नव्हे, हातांतून वाहत गेली: लिंबाच्या सरबताचे पेले, ओल्या टोप्या, कोणा आजीबाईंची खुर्ची सावलीत सरकवणे... आणि ओठांवर सारखे ते हसू.

ऊन कलल्यावर तिने एप्रन उतरवला. अर्धे राहिलेले जेवण मिस व्हर्लीन कोपऱ्यात एकट्याच संपवत होत्या.

“शुक्रवारी निरोप धाडीन. आशा लावून बसू नकोस, आणखी दोघी यायच्यात.”

“बरं, मिस.”

नोएमी दारापर्यंत गेली. मागे काटा-चमचा ताटात ठेवल्याचा आवाज झाला, पण खुर्ची सरकल्याचा झाला नाही. तिने वळून पाहिले. मिस व्हर्लीन तळवे टेबलाच्या कडेवर ठेवून, खिडकीबाहेर नदीकडे पाहत बसल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला.

“आभार,” त्या म्हणाल्या — कोणालाच नव्हे, भिंतींना म्हणावे तसे. आणि उठल्या नाहीत.

“अंगी लागो, मिस.”

“हं.” खुर्ची सरकली. “जा आता. टॅक्सी चुकेल.”

पुलावर वारा होता. शुक्रवार अजून दूर होता. त्या दोघी कशा असतील, चांगल्याच असतील... आणि नवल असे की या विचाराला आज वजनच नव्हते. घरी जाईन, मक्याच्या भाकरी भाजीन, जेवेन, खुर्च्यांचे आभार मानीन, आणि मग — थांबेन थोडी. नदीपलीकडे कुणीतरी याच वेळी ताट पुसून, हात टेबलावर टेकून, उठायची थांबली असेल...

“अंगी लागो,” नोएमी पुलाच्या मध्यावर मोठ्याने म्हणाली. समोरून पाव घेऊन येणाऱ्या अनोळखी बाईने चमकून पाहिले, आणि काही न समजताच हसून मान डोलावली.