आईनं मागितलेला तिरका दात

आईच्या वरच्या जबड्यात एकही दात उरला नाही, त्याला सहा वर्षं झाली. ही सहा वर्षं तिनं मी केलेल्या कवळीवर काढली. कवळ्या बनवणं हा माझा धंदा. अर्धं शहर माझ्या दातांनी हसतं, हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, असं बायको म्हणते. पण घरातच दिव्याखाली अंधार. आई हसली की वरची कवळी सुटायची, म्हणून ती तोंडावर हात धरून हसे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिच्या वरच्या हाडात चार बारीक स्क्रू बसवले. हाडानं ते घट्ट धरेपर्यंत पाच महिने थांबलो. नवी कवळी या चार स्क्रूंवर खटकन बसणार होती, हलणार नव्हती, आणि टाळूही उघडा राहणार होता. "म्हणजे चहा गरम आहे हे मला घशात जायच्या आधी कळेल," आई म्हणाली.

माझी नऊ वर्षांची लेक आजीचं शेपूट. दवाखान्यातसुद्धा बरोबर यायची. हल्ली तीही तोंडावर हात धरून हसायची. आजीची नक्कल, असं आम्ही धरून चाललो होतो.

दात आधी मेणात रचतात. हलवायचे ते तेव्हाच हलवायचे, एकदा पक्की कवळी झाली की हात जोडायचे. या कवळीच्या मेणावर मी दोन रविवार घातले. एका ओळीत, एका उंचीचे, बघत राहावं असे दात. ती मेणाची कवळी तोंडात घालून आई डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसली आणि आरशात बघू लागली. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"छान आहेत," ती म्हणाली. "कुणाचे आहेत?"

"तुझेच की!"

"माझे असे कधी होते रे?" तिनं पुढच्या डाव्या दातावर नख ठेवलं. "हा जरा पुढे घे. आणि शेजारच्यावर थोडा चढव."

मी उडालोच. "आई, माझं नाक कापायचंय का तुला? लोक म्हणतील, याला सख्ख्या आईलाही धड दात करून देता आले नाहीत!"

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मायलेकांच्या भांडणात शहाणी माणसं पडत नाहीत.

"नाकाचं राहू दे. माझा हा दात कसा होता, सांग बघू."

मला आठवेना. लहानपणापासूनचा तिच्या तोंडावरचा हात तेवढा आठवला. म्हणजे तो हात कवळीच्याही आधीचा होता.

"नातीसारखाच होता," आई आवाज खाली आणून म्हणाली. लेक बाहेरच्या बाकावर बसली होती. "मागच्या वर्षी तिचा दात तिरका आला, तेव्हा पाहुण्यांसमोर तू तिला खारूताई म्हणालास. सगळे हसले. तीही हसली, पण तोंडावर हात धरून. तो हात अजून खाली आलेला नाही. ती माझी नक्कल करत नाही रे."

"मी लाडानं म्हणालो होतो."

"मलाही लाडानंच म्हणायचे. माझा जन्म हात धरण्यात गेला. या वयात हाडात चार स्क्रू काय हौसेनं ठोकून घेतले? मला तिच्यासमोर तोंड भरून हसायचंय. पण या सरळ दातांनी हसले, तर तिला काय वाटेल? आजीला नवे मिळाले, म्हणून तिला हसता येतं."

माझी मलाच लाज वाटली. मी मेणाची कवळी हातात घेतली, दिवा पेटवला, चाकू तापवला आणि दार उघडून लेकीला हाक मारली.

"आजीचा दात करायचाय. तुझा बघून. दाखवशील?"

तिचा हात लगेच तोंडावर गेला. "हसणार नाहीस ना?"

"नाही."

हात हळूहळू खाली आला. वर्षभर मी तो दात धड बघितलाच नव्हता. डावीकडे किंचित वळलेला, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिल्यासारखा. सरळ दात कुणीही लावेल, हा लावताना मला घाम फुटला. चार वेळा मेण तापवलं, चार वेळा तिनं तोंड उघडलं. चौथ्यांदा तिनं स्वतःच बोट दाखवलं, "अजून थोडा वर."

पंधरा दिवसांनी पक्की कवळी बसली. त्या दिवशी जेवताना बायकोनं माझ्या घोरण्याची नक्कल केली आणि आई हसली. मान मागे टाकून, खदाखदा. तिचे दोन्ही हात ताटाशीच होते आणि कवळी जागची हलली नाही. आईला असं हसताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून आले.

लेकही हसत होती. तिचा हात वर निघाला, हनुवटीपर्यंत आला. तिथे थांबून ती आजीच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिनं तो हात मांडीवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "हुबेहूब केलास."