टाळ्या कुठे पडतात

गावात त्याला सगळे हॅलो म्हणत. सभेआधी माईक तपासताना 'हॅलो, हॅलो' करण्यात त्याची अर्धी हयात गेली होती. खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागतं, असं तो स्वतःच गमतीने म्हणायचा. लग्न असो, शाळेचं संमेलन असो की निवडणूक, कर्णे हॅलोचे आणि मांडव मिस्त्रीचा, हे ठरलेलं होतं.

मिस्त्री नदीपलीकडच्या वस्तीत राहायचा. तिथली माणसं त्याच्या वडिलांच्या वेळेला दुरून येऊन वसली होती. त्यांच्या बोलण्याची ढब जराशी वेगळी होती, एवढंच. मिस्त्री बांबूवर चढायचा, हॅलो खालून कर्णा वर द्यायचा, आणि काम होईपर्यंत दोघं एकमेकांची टिंगल करायचे. हॅलोची मुलगी लहानपणी आजारी पडली तेव्हा तिला खांद्यावर टाकून शहरापर्यंत घेऊन जाणारा मिस्त्रीच होता.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा हॅलोला मनापासून बरं वाटलं. त्याची मुलगी त्यांच्याच वर्गात शिकली होती. माणूस सरळ, पोटतिडकीने बोलणारा. पहिल्या सभेत मास्तर दवाखान्याबद्दल बोलले. इमारत आहे, खाटा आहेत, डॉक्टर नाही. अडलेल्या बाईला अजून शहरात न्यावं लागतं. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, पुढच्या रांगेतल्या दोघांनी जांभया दिल्या आणि सभा उठली. हॅलो आवाजाच्या मिक्सरपाशी वायरी गुंडाळत होता. चांगलं बोलले, असं त्यालाही वाटलं, पण त्याचे हात कामात होते.

दुसऱ्या सभेत तेच झालं. तिसऱ्या सभेत मागून कुणीतरी ओरडलं, "पलीकडच्यांचं काय, ते बोला की!"

मास्तर अडखळले. कागदावरची नजर वर उचलून त्यांनी गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाले, उद्या डॉक्टर आलाच, तर रांगेत पुढे कोण उभं असेल, हे मी सांगायला नको. बोलण्यात तसं काही नव्हतं. पण मैदान असं दणाणलं की हॅलोला आवाज कमी करावा लागला. मास्तर टाळ्या थांबायची वाट बघत उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलेलं हॅलोने जवळून पाहिलं.

पुढच्या सभेत ते वाक्य सुरुवातीलाच आलं. त्यानंतर त्याला भावंडं झाली. दवाखाना हळूहळू मागे पडला आणि एके दिवशी भाषणातून निघूनच गेला. सभांना गर्दी वाढली. हॅलोला दोन कर्णे भाड्याने आणावे लागले, इतकी.

आणि गावही बदलायला लागलं. वाणी पलीकडच्या बायकांना आधी पैसे ठेवायला सांगू लागला. आधी तो गप्पा मारत माल बांधून द्यायचा. शाळेत एका आईने आपल्या मुलाची जागा बदलून मागितली. हॅलोचा मेहुणा मास्तरांचा कार्यकर्ता झाला होता. तो जेवायला आला की मिस्त्रीचा विषय काढायचा. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काम करतोस, तुला कधी शंका आली नाही का, असं विचारायचा. कसली शंका, ते मात्र त्याला सांगता यायचं नाही.

या सभांचे मांडव मिस्त्रीच बांधत होता. भाषण चालू असताना तो स्टेजच्या मागे, कनातीआड बसून राहायचा. एका सभेनंतर बांबू सोडता सोडता तो हॅलोला म्हणाला, "उद्यापासून मी येत नाही."

"का रे?"

"मी बांधलेल्या स्टेजवर उभं राहून मलाच शिव्या. किती दिवस ऐकायचं?"

हॅलोने त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला. निवडणुकीपुरतं आहे, नंतर सगळं थंड होईल, असं काहीबाही तो बोलला. मिस्त्रीने दोर गोळा केले आणि पुलाकडे चालू लागला. त्यानंतर मांडवाला शहरातली माणसं आली. त्यांना गावातलं काहीच ठाऊक नव्हतं. काम मात्र चोख करायची.

शेवटच्या सभेला मैदान गच्च भरलं. अजून पुरता अंधार पडला नव्हता. मैदानाच्या टोकाला पूल दिसत होता आणि पलीकडे वस्तीतले दिवे लागत होते. मास्तरांचा आवाज बसला होता, म्हणून हॅलोने तो आणखी वर नेला. मास्तर म्हणाले, पूल आपल्या घामाचा आहे. मग तो कोणी वापरायचा हे ठरवणार कोण? गर्दी उठून उभी राहिली. पुलाच्या बाजूला उभी असलेली काही पोरं वस्तीकडे निघायलाही लागली. मास्तरांनी पुढचं वाक्य उच्चारायला तोंड उघडलं.

हॅलोने बटण खाली ओढलं.

मास्तरांचे ओठ हलत होते, हात हवेत होता, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. पहिल्या चार रांगा सोडल्या तर कुणाला काही कळेना. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी हसलं. उभी राहिलेली माणसं काही वेळाने ओशाळल्यासारखी खाली बसली, काही घराकडे वळली. मेहुणा धावत आला. फ्यूज गेला का, म्हणाला. हॅलोने नकारार्थी मान हलवली. तोवर मास्तर स्वतःच स्टेजवरून उतरून आले.

"बंद पडलं का?"

"नाही. मी बंद केलं."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला काय वाटतं, हे मी त्यांना शिकवलं? त्यांच्या मनात होतं तेच मी बोललो. टाळ्या मी वाजवतो का?"

"नाही, मास्तर," हॅलो म्हणाला. "पण तुम्ही दवाखान्याचं बोलत होतात, तेव्हा मीसुद्धा टाळी वाजवली नव्हती."

तेवढ्यात कुणीतरी मिक्सरला लाथ घातली. मग कर्णे खाली आले, वायरी तुटल्या. हॅलोच्या कपाळाला खोक पडली आणि मेहुण्यानेच त्याला दंडाला धरून गर्दीबाहेर काढलं.

जी पोरं आधीच निघाली होती ती पुलापलीकडे पोचली. मैदानातली गर्दी मागून आली नाही, म्हणून ती फार काही करू शकली नाहीत. मिस्त्रीच्या अंगणातला बांबूंचा ढीग तेवढा त्यांनी पेटवला.

घरी बायकोने जखम धुतली. आता खायचं काय, असं तिने एकदा विचारलं. मग कापूस घट्ट दाबत म्हणाली, "अहो, सकाळी त्याच्याकडे जाऊन या. एकटे जाऊ नका, मी येते."

सकाळी दोघं पूल ओलांडून गेले. मिस्त्री राखेतून धड राहिलेले बांबू वेगळे काढत होता. त्याने हॅलोच्या कपाळाकडे पाहिलं.

"आवाज बंद केलास म्हणे."

"हो."

"आधीच्या सगळ्या सभांत चालूच होता."

हॅलोने बाह्या वर केल्या आणि ढिगाचं दुसरं टोक धरलं. मिस्त्रीने त्याला ये म्हटलं नाही, जा म्हणूनही सांगितलं नाही. हॅलोची बायको आत मिस्त्रीच्या घरच्यांपाशी गेली. हात काळे होईपर्यंत ते दोघं काम करत राहिले.

मास्तर निवडून आले, पण सगळ्यांना वाटलं होतं त्याहून फारच थोड्या मतांनी. त्यावर लोक दबक्या आवाजात बोलत. कोण कुणाकडे फिरलं, हे उघडपणे कुणी कबूल केलं नाही. मेहुण्याचं येणं बंद झालं. गावातल्या कामांना शहरातले कर्णे येऊ लागले. हॅलो आता पलीकडे घरांतली वायरिंगची कामं करतो. पुलावर काही माणसं त्याला बघून मान फिरवतात, काही थांबून मुलीची खुशाली विचारतात. मिस्त्री त्याच्याशी कामापुरतं बोलतो. परवा खाली शिडी धरून उभ्या असलेल्या मिस्त्रीने हॅलोच्या वाढत्या पोटावरून एक टोमणा मारला. हॅलो हसला नाही. मिस्त्रीने पुन्हा आपली टिंगल केली, याचंच त्याला इतकं वाटलं की हातातली चिकटपट्टी चुकीच्या तारेला गुंडाळली गेली.